फोटोची चतुःसीमा

चोरी व्हायलासुद्धा माणसाची काही ऐपत लागते, आणि कैलास गव्हाणेची ती कधीच नव्हती. पंधरा वर्षांपूर्वी परभणीहून बोईसरला आलेला माणूस. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कपड्यांचे रंग बनवणाऱ्या एका कंपनीत लॅब केमिस्ट. राहायला तिसऱ्या मजल्यावर एक बेडरूमचा फ्लॅट, ज्याची लिफ्ट सात वर्षं ‘लवकरच सुरू होत आहे’ आणि ज्याचे हप्ते अजून बारा वर्षं सुरूच राहणार आहेत. अशा घरात चोर शिरला तर तो दमून पंख्याखाली बसेल आणि पाणी पिऊन जाईल.

पण घरात एक कॅमेरा होता. कैलासची बायको प्रतीक्षा त्याला ‘सवत’ म्हणायची, आणि सवतीला जेवढं लाडाकोडात ठेवतात तेवढंच तो ठेवायचा: मऊ फडक्यात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, मुलीचा हात पोचणार नाही असा. सुट्टीच्या दिवशी चिंचणीला, वाणगावला जायचं, फोटो काढायचे आणि परदेशातल्या एका वेबसाइटवर विकायला ठेवायचे. ज्याला जाहिरातीत, पुस्तकात, पाकिटावर फोटो छापायचा असेल त्यानं तिथून विकत घ्यायचा आणि फोटो काढणाऱ्याला त्यातले चार-दोन सेंट मिळायचे, असा तो धंदा. लोकांना त्याचे फोटो आवडत नव्हते असं कुणी म्हणू नये. लोक नुसते उचलत होते.

त्यानं काढलेला सूर्योदय ‘शुभ सकाळ’ होऊन त्याच्याच मोबाइलवर, त्याच्याच साडूकडून रोज यायचा. प्रतीक्षाच्या मेंदीभरल्या हाताचा फोटो पुण्याच्या एका वधूवर सूचक मंडळानं जाहिरातीला लावला. तो हात तिच्या मावशीनं अंगठीवरून ओळखला आणि परभणीहून फोन करून अत्यंत हळू आवाजात विचारलं, “प्रतीक्षे, घरी सगळं ठीक आहे ना गं?” त्यावरून घरात दोन दिवस अबोला. मंडळाला कैलासनं पत्र लिहिलं, तर मंडळाचं उत्तर आलं की आपल्या स्थळाची नोंदणी झाली असून अनुरूप वधू लवकरच कळवू.

हे सगळं त्यानं गिळलं. मध्यमवर्गीय माणसाची गिळण्याची ताकद अफाट असते. भाजीवाल्यानं दिलेलं सडकं वांगं आणि साहेबानं दिलेली शिवी तो एकाच घोटात उतरवतो. पण गेल्या डिसेंबरात कंपनीनं नव्या वर्षाचं कॅलेंडर वाटलं, आणि ते काही त्याच्या घशाखाली उतरेना.

कॅलेंडरवर वर लिहिलं होतं, ‘निसर्ग आमचा सोबती’. खाली फोटो: नवापूरच्या अलीकडच्या ओढ्याचं तोंड, बांबूंना ताणून बांधलेल्या दोऱ्यांवर वाळत घातलेले बोंबील, आणि त्यांच्यात हात उंचावून उभी असलेली हिरव्या लुगड्यातली कोळीण. फोटो कैलासचा. बोंबील तेच, बाई तीच, बाईच्या कोपराजवळून उडणारा कावळाही तोच. फक्त ओढ्याचं पाणी कुणीतरी कॉम्प्युटरवर निळं केलं होतं, आणि खाली कोपऱ्यात छापलं होतं, ‘छायाचित्र : धीरजभाई’. धीरजभाई म्हणजे मालकांचे चिरंजीव. ते नवापूरला कधी गेले असतील तर काचा वर करून.

लॅबमध्ये कैलासच्या टेबलासमोरच्या भिंतीला शिपायानं ते कॅलेंडर ठोकलं. म्हणजे रोज आठ तास, मान वर केली की आपला फोटो आणि खाली दुसऱ्याचं नाव. त्याला खरोखर वाईट वाटलं. पैशाचं म्हणाल तर त्या फोटोवर त्याला वर्षभरात एक वडापाव सुटला नव्हता. पण चाळिशी उलटलेल्या माणसाकडे अभिमानानं दाखवायला एकच गोष्ट असावी आणि ती दुसऱ्याच्या नावावर लागावी, हे त्याला सोसेना. आपलं नाव त्या फोटोखाली आलं पाहिजे. बास, दुसरं काही नको.

बातमी इमारतीत पसरायला लिफ्ट लागत नाही. खालच्या वैभवी वहिनींनी सांगितलं की दृष्ट लागली असेल, कॅमेऱ्याला काळा दोरा बांधा. प्रतीक्षानं विचारलं, “साहेबांना सरळ तोंडी सांगून बघितलं का?” हा एकमेव शहाणा सल्ला असल्यानं त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. कैलास पोलीस चौकीत गेला.

तिथल्या हवालदारांनी फार आस्थेनं ऐकून घेतलं. “फोटो चोरीला गेला. बरं. कुठं ठेवला होता?”

“वेबसाइटवर.”

“आता तिथं नाही?”

“आहे ना.”

“आणि तुमच्याकडे?”

“माझ्याकडेही आहे. मूळ फोटो कॉम्प्युटरमध्ये आहे.”

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे वस्तू तिथंही आहे, तुमच्याकडेही आहे, आणि चोरीला गेली. साहेब, माझी मोटारसायकल गेली दिवाळीत. ती माझ्याकडे नाही. याला चोरी म्हणतात.” कैलासनं त्यांच्या मोटारसायकलीबद्दल हळहळ व्यक्त केली आणि घरी आला.

तेव्हा नरहरीकाका पुढे सरसावले. नरहरीकाका म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून. आयुष्यभर त्यांनी जमिनींची खरेदीखतं, वाटणीपत्रं, फेरफार हाताळले होते. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे हाताळायला फक्त रक्तदाब उरला होता. फोटोचं प्रकरण कानावर येताच ते दहा वर्षांनी तरुण होऊन वर आले.

“गव्हाणे, तुझं चुकतंय कुठं सांगू? तुझ्या फोटोला कागद नाही. कागद नसलेली मिळकत ही गायरान. कुणीही गुरं घालावीत. आपण प्रतिज्ञापत्र करू. स्टॅम्पवर. पालघरला नोटरीसमोर. मग बघू कोण हात लावतो.”

आणि त्यांनी तिथंच, प्रतीक्षाच्या जेवणाच्या टेबलावर, मसुदा सांगायला घेतला. मूळ फोटो मोठा करून समोर ठेवला, चष्मा लावला. “दिनांक अकरा फेब्रुवारी दोन हजार पंचवीस, वार मंगळवार, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं. वेळ कॅमेऱ्यानंच नोंदवली आहे ना? उत्तम. वेळ फार महत्त्वाची. आता चतुःसीमा.”

“कसली चतुःसीमा?”

“अरे, मिळकतीचं वर्णन चतुःसीमेशिवाय कसं होणार? उद्या कोणीही दुसरा ओढा दाखवील. लिही. पश्चिमेस, समुद्र. उत्तरेस, वाळत घातलेले बोंबील, दोऱ्या चार. पूर्वेस, हिरव्या लुगड्यातील स्त्री, तिचे नावासह. दक्षिणेस...” नरहरीकाका फोटोवर वाकले. “दक्षिणेस हे काय आहे लाल?”

“ते पाणी आहे. आमच्या कंपनीचं. ओढ्यात सोडतात ते.”

“उत्तम खूण आहे. असं लाल पाणी दुसऱ्या कुठल्या फोटोत सापडायचं नाही. दक्षिणेस, अमुक कंपनीच्या नाल्यातून ओढ्यात येणारे लाल रंगाचे पाणी. येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक छायाचित्र, त्यातील कावळ्यासह, माझे स्वतःचे मालकी हक्काचे आहे.”

कैलासनं लिहून घेतलं. ऐकायला ते भारदस्त लागत होतं. आपल्या फोटोचं एवढ्या गांभीर्यानं वर्णन याआधी कुणी केलं नव्हतं, हेही खरं.

“आता एकच राहिलं,” नरहरीकाका म्हणाले. “पूर्वेकडच्या कब्जेदाराची संमती. त्या बाईची सही आण.”

रविवारी कैलास नवापूरला गेला. बाईचं नाव पुष्पलता. नवरा रामा बोटीवर गेला होता, मुलगी हेमाली ओटीवर पुस्तक घेऊन बसली होती. ती बोईसरला कॉलेजात शिकत होती. फोटो आपणच काढल्याचं कैलासनं सांगितलं आणि संमतीचा कागद पुढे केला. पुष्पलतानं कागद हातातही घेतला नाही.

“फोटू काढलास तवा इचारलं नाय. आता सही पायजे?”

“तेव्हा... प्रकाश चांगला होता हो. विचारत बसलो असतो तर गेला असता.”

“म्हंजे परकाश इचारत नाय आन तू पण इचारत नाय.” ती हसली, पण तिनं त्याला बसायला पाट दिला आणि चहाही दिला. मग कैलासनं ते कॅलेंडर दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. स्वतःकडे तिनं बघितलंच नाही, तिचं बोट सरळ पाण्यावर गेलं.

“आई गो, पानी निलं केलंय.” तिनं हेमालीला दाखवलं. “बघ गो, आपला ओढा. कधी बघितलास का असा?” मग कैलासकडे वळून म्हणाली, “मंगलवारी मंगलवारी लाल येते पानी. कधी जांभलं. आमच्या बोंबलाला वास मारते, बाजारात कोन हात लावत नाय. तीनदा अर्ज केला आमी. तीनदा कंपनीचा कागद आला, पानी साफ हाय, तपासलंय. खाली सही. कोन मेला सही करतो, त्याला एकदा आनून बसवा म्हनते मी त्या ओढ्यात.”

चहा गरम होता, तरी कैलासनं तो एका दमात प्यायला. ती सही त्याची होती. दर मंगळवारी मोटारसायकलवरून ओढ्यापर्यंत जायचं, बाटलीत नमुना घ्यायचा, लॅबमध्ये यायचं. तिथं अहवालाचा कागद आधीच छापलेला असायचा: रंग, नाही. वास, नाही. फक्त तारीख, वेळ आणि सही तेवढी राहिलेली. नोकरीला लागला त्याच महिन्यात त्यानं एकदा विचारलं होतं, तेव्हा वरिष्ठ म्हणाले होते, छापील आहे म्हणजे बघूनच छापलं असेल. त्यानंतर त्यानं विचारलं नाही. अकरा फेब्रुवारीला बाटली भरताना त्याला ते लाल पाणी, चंदेरी मासे आणि हिरवं लुगडं एकत्र दिसलं, आणि शपथेवर सांगायचं तर ते त्याला अतिशय सुंदर वाटलं. त्यानं बाटली खाली ठेवून कॅमेरा काढला.

शहाणा माणूस इथं थांबला असता. पण नाव छापून येण्याचं वेड एकदा डोक्यात शिरलं की माणसाला समोरचा खड्डासुद्धा अंगण वाटतो. त्यानं मनाशी ठरवलं, फोटो वेगळा, अहवाल वेगळा. एक कलेचा विषय, एक नोकरीचा.

“सही करते,” पुष्पलता म्हणाली, “पन माझा फोटू हेमालीच्या मोबाइलवर धाड. आख्खा धाड. हा निला नको.”

त्यानं तिथंच बसून धाडला.

मग पालघर. नोटरीचं टेबल एका झाडाखाली, स्टॅम्पवाला दुसऱ्या झाडाखाली, टाइप करणारा तिसऱ्या झाडाखाली. तिसऱ्या झाडाखालच्यानं चतुःसीमा वाचून विचारलं, “सर्व्हे नंबर?” फोटोला सर्व्हे नंबर नसतो हे पटवण्यात पाऊण तास गेला. शेवटी कॅमेऱ्यानं फोटोला दिलेला क्रमांक त्या रकान्यात घातला तेव्हा त्याचं समाधान झालं. नोटरीनं न वाचता शिक्का मारला. नरहरीकाकांनी तो लाल गोल शिक्का डोळे भरून पाहिला. बरोबर मूळ फोटोची प्रत जोडली, आणि हे सगळं रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह, कंपनीला पाठवलं. लॅबपासून ऑफिस तीस पावलांवर होतं, पण नरहरीकाका म्हणाले, हातानं दिलेल्या कागदाला किंमत नसते.

चौथ्या दिवशी दिग्विजय साहेबांचं बोलावणं आलं. दिग्विजय साहेब म्हणजे कर्मचारी विभागाचे प्रमुख, कोल्हापूरकडचे, गोड बोलण्यात वाकबगार. माणसाला काढून टाकतानासुद्धा ते आधी त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करत.

“या गव्हाणे, बसा. चहा घ्या. एवढे मोठे कलाकार आमच्यात आहेत आणि आम्हाला पत्ता नाही. फोटो एक नंबर आहे, खरं सांगतो.”

कैलासचा चेहरा फुलला. त्याला वाटलं, कागदाचा प्रताप.

साहेबांनी प्रतिज्ञापत्र टेबलावर ठेवलं. त्याच्या शेजारी दुसरा एक कागद ठेवला आणि दोन्हींच्या कडा बोटांनी जुळवल्या. “हे तुमचं प्रतिज्ञापत्र. अकरा फेब्रुवारी, नऊ चाळीस, ओढ्याजवळ, लाल रंगाचं पाणी. सही तुमची. आणि हा तुमचा अहवाल. अकरा फेब्रुवारी, नऊ चाळीस, ओढ्याजवळ, रंग नाही. सही तुमची. यातलं खरं कुठलं ते तुम्ही सांगायचं. तुम्ही सांगाल ते कंपनी मान्य करेल.”

कैलासच्या चहावर साय धरली.

“फोटो तुमचा असेल तर कॅलेंडरवर तुमचं नाव घालू. धीरजभाईंना मी सांगतो, ते दिलदार आहेत. पण मग अहवाल खोटा ठरला. म्हणजे तुम्ही कंपनीला फसवलंत. आम्ही तर तुमच्या सहीवर विश्वास ठेवून सरकारला कळवत होतो, हो की नाही?”

“साहेब, तो कागद छापीलच असतो...”

“सही छापील होती का?” दिग्विजय साहेबांनी अगदी काळजीनं विचारलं. मग म्हणाले, “विचार करा. घाई नाही. सोमवारपर्यंत कळवा. आईंचे गुडघे कसे आहेत?”

त्या दोन दिवसांत कैलासला कळलं की आपलं नाव दोन ठिकाणी आहे आणि ते फक्त एकाच ठिकाणी राहू शकतं. एका ठिकाणी फोटो, दुसऱ्या ठिकाणी पगार, त्यावर हप्ता, हप्त्यावर घर. नवापूरच्या त्या ओटीवरचा चहा त्याला वारंवार आठवला, त्याची लाजही वाटली. लाज वाटली की तो उठून पाणी प्यायचा. शनिवारभर तो पाणी पीत होता.

रविवारी त्यानं प्रतीक्षाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडून झाली, देठं कागदात गुंडाळली, तेव्हा म्हणाली, “तुम्हाला काय करायचं ते करा. मी दोन्हीला तयार आहे. फक्त पुढं कधी म्हणू नका की बायकापोरांसाठी केलं.” इतकी सोय तिनं काढून घ्यायला नको होती. पुरुषमाणसानं मग करायचं तरी कुणासाठी?

त्यानं जे केलं ते तुम्हाला कळलंच असेल.

नरहरीकाकांना वाईट वाटेल असं त्याला वाटलं होतं, पण त्यांच्या डोळ्यांत पुन्हा तीच चमक. “रद्दबातल लेख करायचा? करू की. आधीचं रद्द करायलाही स्टॅम्पच लागतो, त्याशिवाय रद्द होत नाही.” पुन्हा पालघर, पुन्हा तीन झाडं. ‘वर नमूद चतुःसीमेतील छायाचित्र मी काढलेले नाही. त्याच्याशी माझा काही एक संबंध नाही व यापुढे माझे वारस त्यावर हक्क सांगणार नाहीत.’ त्याची मुलगी स्वरा तेव्हा तिसरीत होती. तिच्याही वतीनं त्यानं सही केली. नोटरीनं हाही कागद न वाचताच शिक्का मारला. तोच शिक्का, तीच शाई.

कंपनीनं उदार मनानं प्रकरण मिटवलं. कॅलेंडर भिंतीवर राहिलं. कैलासनं खुर्ची फिरवून घेतली आणि मंगळवारी बाटली भरायला जाताना कॅमेरा नेणं सोडलं.

जानेवारीच्या अखेरीस एका सकाळी तो कामावर आला तर कंपनीच्या गेटसमोर नवापूरच्या साठ-सत्तर बायका बसलेल्या. घोषणा नव्हत्या, गडबड नव्हती. बायका डबे घेऊन आल्या होत्या आणि संध्याकाळपर्यंत उठायचा त्यांचा विचार दिसत नव्हता. त्यांच्यामागे दोन बांबूंना एक भलामोठा फ्लेक्स बांधलेला. त्यावर फोटो. आख्खा. पाणी लाल. दहा फूट रुंद लाल, इतकं की रस्त्यावरच्या रिक्षा थांबून बघत होत्या. खाली मोठ्या अक्षरांत, ‘हे पाणी साफ हाय?’ आणि त्याच्याही खाली, नीट, ठळक, एकही चूक न करता: ‘छायाचित्र : कैलास गव्हाणे’.

त्याला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, झालाच. छातीत एकदम भरून आलं, कारण उभ्या आयुष्यात त्याच्या फोटोखाली त्याचं नाव पहिल्यांदा आलं होतं, आणि तेही कुणाकडे न मागता. मग त्याला गेटच्या आत उभे असलेले दिग्विजय साहेब दिसले. ते फ्लेक्स वाचत होते. त्यांनी नावापर्यंत वाचलं आणि मग अगदी सावकाश मान वळवून कैलासकडे पाहिलं.

पुष्पलतानंही त्याला पाहिलं होतं. ती उठून आली. बरोबर हेमाली होती.

“आलास? बघ, तुझा फोटू. हेमालीच्या कॉलेजातल्या म्याडम बोलल्या, दुसऱ्याचा फोटू वापरला तर त्याचं नाव घालाचं, नायतर ती चोरी होते. म्हनून घातलं.” तिनं हसून बायकांकडे वळून सांगितलं, “हाच तो, फोटूवाला.”

बायकांनी वळून बघितलं. साहेबही बघत होते. गेटपासून तिथपर्यंत बोललेलं स्वच्छ ऐकू जात होतं.

“माझा नाही तो फोटो,” कैलास म्हणाला.

पुष्पलताला वाटलं आपल्याला नीट कळलं नाही. “तूच धाडलास ना? ओटीवर बसून?”

“मी नाही काढलेला. मी... कुठूनतरी आलेला पुढं पाठवला. काढलेला दुसऱ्या कुणीतरी.”

ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं, पण रागावली नाही. तिला उलट ओशाळल्यासारखं झालं, कुणाचीतरी वस्तू चुकून आपल्या पिशवीत आल्यासारखं.

“नाय काय? मग आमी उगाच घातलं तुझं नाव. माफ कर हां भाऊ. दुसऱ्याच्या वस्तूला भलत्याचं नाव लावाचं नाय, पाप लागते.” ती हेमालीला म्हणाली, “पुसून टाक गो.”

“पुसलं जाणार नाय आई, छापलेलं हाय,” हेमाली म्हणाली. मग तिनं कैलासच्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. नमुन्याच्या बाटल्यांवर तारीख घालायचा काळा मार्कर तिथं होता. “काका, तुमचा मार्कर देता? खोडून टाकते.”

कैलासनं मार्कर काढून दिला. त्याचं टोपण घट्ट होतं, तेही त्यानंच काढून दिलं. हेमालीनं ‘कैलास’ खोडलं, मग ‘गव्हाणे’ खोडलं, मागं सरून बघितलं, एक मात्रा थोडी दिसत होती तिच्यावरून पुन्हा फिरवलं, आणि मार्कर परत करून म्हणाली, “थँक्यू, काका.”